19 उत्तरांत एकच डॉलर

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. दिवसा कामाला जाणाऱ्या मुलांसाठी बी. कॉम. दुसऱ्या वर्षाचे आमचे संध्याकाळचे वर्ग ऑनलाइन भरतात. कोणी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहे, कोणी शिरोलीत, काही मुली दुकानांत काम करतात. वर्गात 64 जण आहेत आणि जवळपास सगळ्यांचे कॅमेरे बंद असतात. गेल्या महिन्यात गूगल फॉर्मवर अंतर्गत चाचणी घेतली. ‘मागणीची किंमत लवचिकता उदाहरणासह स्पष्ट करा’ असा प्रश्न होता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते सांगायचं. मार्क देऊन झाल्यावर लक्षात आलं की 19 उत्तरांत एकच उदाहरण आहे : आइस्क्रीम 2 डॉलरवरून 3 डॉलरला गेलं. इतका संताप आला की रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, ‘तुम्ही सगळे चोर आहात. पुन्हा असं झालं तर परीक्षेतल्या गैरप्रकारांच्या कायद्याखाली गुन्हा दाखल होईल.’ तेव्हापासून वर्ग गप्प आहे. प्रश्न विचारला तर कोणी अनम्यूट होत नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा स्वतंत्र मेसेज आला : ‘मॅडम, मी माझ्या मनानं लिहिलं म्हणून मला 4 मार्क. ज्यांनी ढापलं त्यांना 8. आणि चोर मी पण.’ तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. प्राचार्य म्हणतात, प्रॉक्टरिंगचं, म्हणजे कॅमेऱ्यातून परीक्षेवर नजर ठेवणारं, सॉफ्टवेअर घेऊ. एक सहकारी म्हणतात, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमात 10 टक्के साम्य चालतं, त्याच्या वरच्यांना शून्य द्या. दुसरे म्हणतात, परीक्षेआधी हमीपत्र लिहून घ्या. मुलांवर विश्वास ठेवावा असं मला मनापासून वाटतं. पण ठेवायचा कसा?
— एक प्राध्यापिका, कोल्हापूर

मॅडम, नमस्कार.

आधी त्या मुलीला उत्तर द्या. हे सदर पुरतं वाचून व्हायच्या आत दिलंत तरी चालेल. लांबलचक नको. ‘तुझं उत्तर मी परत वाचलं. ते तू लिहिलंयस हे कळतं. ग्रुपवर मी सगळ्यांना मिळून जे बोलले ते तुला लागू नव्हतं, मी तसं बोलायला नको होतं. मार्कांचं काय करायचं ते पुढच्या तासाला वर्गातच सांगते.’ एवढं पुरे. तिच्याकडून नावं काढून घेऊ नका. ‘कोणी सुरू केलं ते सांग’ असं एकदा विचारलंत की ती वर्गाच्या नजरेत मॅडमची खबरी ठरली, आणि पुढं कुठलंही पोर तुम्हाला खासगीत काही कळवायच्या भानगडीत पडणार नाही.

तुमचं सगळं पत्र त्या 19 जणांबद्दल आहे. मला काळजी वाटते ती उरलेल्या 45 जणांची. ढापणाऱ्यांचा तुमच्यावर विश्वास आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. त्यांचा तसाही फार काही गेलेला नाही. गेलाय तो ज्यांनी कामावरून येऊन, जेवण बाजूला ठेवून, मोडकंतोडकं का होईना स्वतः लिहिलं त्यांचा. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. चार ओळी मनानं लिहिल्या की 4 मार्क, चकचकीत उत्तर चिकटवलं की 8. आणि वर शिवी सगळ्यांना सारखीच. पुढच्या चाचणीला त्यांनी काय करावं, अशी तुमची अपेक्षा आहे? ऑनलाइन वर्गात कॉपी पसरते ती मुलं बिघडलेली असतात म्हणून कमी, आणि न करणारा मूर्ख ठरतो म्हणून जास्त. तेव्हा इथून पुढं कुठलाही उपाय सुचला की त्याला एकच प्रश्न विचारा : यानं त्या 45 जणांचं भलं होतंय का?

कायद्याचं आणि नियमाचं आधी उरकून टाकते. महाराष्ट्रात गैरप्रकारांना आळा घालणारा 1982 चा कायदा आहे, तो विद्यापीठ, मंडळ आणि तशाच विनिर्दिष्ट परीक्षांसाठी. केंद्राचा 2024 चा कायदा आहे, त्याचा रोख केंद्राच्या भरती आणि प्रवेश परीक्षांचे पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आहे. तुमच्या गूगल फॉर्मवरच्या चाचणीसाठी पोलीस ठाण्याची पायरी कोणी चढणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मुलांनाही. पोकळ धमकी दिली की पुढची खरी ताकीदसुद्धा पोकळच वाटते. सहकाऱ्यांच्या 10 टक्क्यांचं म्हणाल, तर यूजीसीचे 2018 चे वाङ्मयचौर्याचे नियम आहेत हे खरं. त्यात 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि मग 10 ते 40, 40 ते 60, 60 च्या वर असे चढते टप्पे आहेत. पण हे सगळं शोधनिबंध, प्रबंध, पुस्तकं यांच्यासाठी. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, निबंध, उत्तरपत्रिका या त्याच नियमांच्या व्याख्येतून सरळ वगळलेल्या आहेत. शिवाय विचार करा, लवचिकतेची व्याख्या तर सगळ्यांची जुळणारच, कारण ती सगळ्यांनी एकाच गाईडातून पाठ केलेली असते. टक्केवारीच्या चाळणीत पहिली अडकतील ती घोकंपट्टी करणारी प्रामाणिक पोरं. डॉलरवाल्यांनी शब्द थोडे फिरवले असतील तर ते खालून निसटतील.

आता त्या 19 जणांचं. शून्य देऊ नका आणि 8 ही ठेवू नका. पुढच्या तासाला सगळ्यांसमोर, शांतपणे, एवढंच सांगा : काही उत्तरांतलं उदाहरण अगदी एकच आहे, त्या प्रश्नाचे मार्क मी रोखून ठेवलेत, ज्याचे रोखलेत त्याला मी स्वतंत्र कळवीन, बाकीच्यांचे मार्क कायम आहेत. नावं घेऊ नका, ग्रुपवर यादी टाकू नका, स्क्रीनशॉट तर मुळीच नको. ज्यांचे मार्क रोखले त्यांना आठ दिवसांची मुदत द्या : तोच प्रश्न स्वतःच्या उदाहरणानं परत लिहा, नाही तर फोनवर पाच मिनिटं समजावून सांगा. जो आपणहून येऊन ‘घेतलं होतं मॅडम’ म्हणेल त्याचं प्रकरण तिथंच मिटलं. जो येणारच नाही त्याला त्या प्रश्नाचे मार्क नाहीत, कारण त्यानं उत्तर दिलेलं नाही, एवढंच. याला शिक्षा म्हणायचं कारण नाही, आणि म्हणूनच त्यावर वाद घालायलाही जागा उरत नाही.

आणि त्या मुलीच्या 4 मार्कांचं? तिचं उत्तर खरंच 4 चं असेल तर 4 च राहू द्या. उपकाराचे मार्क दिलेत तर ते तिलाही कळतील. पण 8 दिले होते ते कशाला, हे एकदा स्वतःशी तपासा. उत्तर गुळगुळीत होतं, परिच्छेद नीट पाडलेले होते, शेवटी ‘अशा प्रकारे’ होतं, म्हणून दिले असतील तर पुढच्या वेळी मार्क कशाला ते आधीच जाहीर करा : व्याख्येला 2, आकडेमोडीला 3, स्वतःच्या उदाहरणाला 5, अशा धर्तीवर. मग मोडक्या वाक्यातलं खरं उदाहरण गुळगुळीत उधारीच्या पुढं जाईल.

फोन केलात तर पहिलं वाक्य फार महत्त्वाचं आहे. ‘तू कॉपी केलीस का?’ असं विचारलंत की समोरून ‘नाही मॅडम’ येणार, त्यापुढं संवाद नाही. त्याऐवजी म्हणा, ‘अरे, तुझं उत्तर वाचत होते. आइस्क्रीम 2 डॉलरवरून 3 ला गेलं म्हणजे किंमत किती टक्क्यांनी वाढली?’ ज्यानं समजून घेऊन लिहिलंय तो जरा थांबून का होईना 50 म्हणेल. ज्यानं नुसतं चिकटवलंय तो आधी गप्प बसेल, मग नेटवर्क जाईल. गेलं तर जाऊ द्या, दहा मिनिटांनी परत लावा आणि सुरात फरक पडू देऊ नका. या 19 मध्ये एखादी मुलगी अशीही निघेल, जिनं स्वतः उदाहरण शोधलं आणि मैत्रिणीनं मागितलं म्हणून दिलं. तिच्याशी वेगळं बोला. आपल्याकडं वही न देणारी पोरगी म्हणजे ‘शायनिंग मारती’ असं समजलं जातं. नाही म्हणायला तिला तुमचा आधार लागेल. ‘मॅडमनी सांगितलंय, प्रत्येकाचं उदाहरण वेगळं लागतं, माझं घेऊन तुझा उपयोग नाही’ हे वाक्य तिच्या हातात दिलंत की तिची सुटका होते.

आता मला ज्याच्याबद्दल खरं बोलायचंय तिथं येते, तुमच्या प्रश्नाकडं. रागावू नका, पण ‘मागणीची किंमत लवचिकता उदाहरणासह स्पष्ट करा’ हा प्रश्न शिक्षकानं मनापासून विचारलेला नाही. तो जुन्या प्रश्नपत्रिकेतून उचललेला आहे, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर जगाला आधीच पाठ आहे त्याला मुलांनी जगाचंच उत्तर दिलं. याचा अर्थ चूक मुलांची नाही असा नव्हे. पण घराला कडी लावायची असते.

तुमच्या वर्गात काय आहे ते बघा. 64 मोबाइल आहेत. जुलै 2024 मध्ये खासगी मोबाइल कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले, तेव्हा घराघरांत काय झालं? कोणी दुसरं सिम बंद केलं, कोणी बीएसएनएलकडं गेलं, कोणी आईचा रिचार्ज तीन महिन्यांऐवजी महिन्याचा केला, कोणी मुकाट्यानं पैसे भरले. हीच लवचिकता. विचारा : ‘दरवाढीनंतर तुमच्या घरातल्या किती सिमचा वापर बदलला, कोणाचा बदलला नाही, आणि का? त्यावरून तुमच्या घरची मागणी लवचिक की अलवचिक ते ठरवा.’ याची 64 वेगवेगळी उत्तरं येतील, कारण घरं 64 आहेत. बापाचं सिम बंद करता येत नाही कारण सोसायटीचे आणि बँकेचे मेसेज त्यावर येतात, हे जो पोरगा लिहील त्याला अलवचिक मागणी समजली. व्याख्या पाठ नसली तरी समजली.

उसाच्या एफआरपीचंही तसंच, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायच्या किमान दराचं. ‘एफआरपी म्हणजे काय’ विचाराल तर नेटवरचं येईल. ‘केंद्रानं 2025-26 साठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये एफआरपी ठरवली, आणि ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात. तुमच्या ओळखीच्या एका घराला प्रत्यक्षात बिल किती दिवसांनी मिळालं, आणि तोवर त्यांनी खर्च कसा भागवला?’ असं विचारा. मग बघा, कागलचा, शिरोळचा आणि राधानगरीचा पोरगा तीन वेगळ्या गोष्टी सांगतो की नाही. दूध बिल घ्या : फॅट आणि एसएनएफ (दुधातले स्निग्धांश सोडून बाकीचे घन घटक) बदलला की लिटरमागं दर कसा बदलतो ते घरच्या पावतीवरून काढायला सांगा. इचलकरंजीच्या पोराला यंत्रमागाच्या मजुरीवर विचारता येईल, हुपरीच्या मुलीला चांदीचा भाव चढल्यावर कारखान्यातल्या कामाचं काय होतं त्यावर.

एक सांभाळा मात्र. सगळ्यांच्या घरी ऊस नसतो. ज्याच्या घरी गुंठाभरही जमीन नाही, ज्याचे आईबाप दुसऱ्याच्या शेतात तोडीला जातात, त्याला ‘तुमच्या घरचं ऊसबिल’ विचारलंत तर तो पहिल्याच प्रश्नाला वर्गाबाहेर गेला. म्हणून ‘ओळखीचं एक घर’ म्हणा, नेहमी दोन-तीन पर्याय द्या. बिलाचा फोटो मागू नका. घरचे आकडे हा पुरावा म्हणून मागायचा माल नव्हे.

तुम्ही म्हणाल, चॅटजीपीटी असलं घरही बनवून देईल. देईल की. ‘आमच्या घरी पाच सिम होती’ असं झकास लिहील. पण लबाडी करायलाही तिथं थोडं अर्थशास्त्र समजून घ्यावं लागतं, आणि तोंडी दोन प्रश्न विचारले की बनवलेलं घर उभं राहत नाही.

तोंडी म्हणजे सगळ्यांची नव्हे. 64 जणांना चार-चार मिनिटं म्हटली तरी चार तासांच्या वर जातात, आणि तासिकेवाल्यांना पैसे तासाचेच मिळतात, हे मला माहीत आहे. प्रत्येक चाचणीनंतर चिठ्ठ्या टाकून आठ नावं काढा. ऑनलाइन तासालाच, सगळ्यांना दिसेल अशी. संशयावरून निवडायचं नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याची चिठ्ठी आली नाही तर नाही आली. संशयावरून बोलावलं की बोलावणं हीच बदनामी होते, चिठ्ठीवरून बोलावलं की तो नुसता नंबर लागणं असतो, आणि हुशार पोरगीही त्यात येते, टवाळ पोरगाही. विचारायचं साधंच : हे उदाहरण का घेतलंस, कुठं अडलास, आकडा दुप्पट केला तर काय होईल. उत्तर चुकीचं पण स्वतःचं असेल तर मार्क कापू नका. चिठ्ठीत आपलाही नंबर लागू शकतो एवढं ठाऊक असलं की बरीच मुलं लिहिलेलं निदान एकदा वाचून तरी येतात. आणि बंद कॅमेऱ्यामागचा माणूस कसा आहे हे तुम्हाला या चार मिनिटांत जेवढं कळेल तेवढं वर्षभराच्या हजेरीतून कळणार नाही. कॅमेऱ्याची सक्तीही नको. एका खोलीच्या घरात मागं आई भाकरी थापत असते, पोराला ते सगळ्या वर्गाला दाखवायचं नसतं. तो त्याचा हक्क आहे.

हमीपत्राबद्दल एक गंमत सांगते. फॉर्मच्या वरच्या बाजूला ‘मी खरं लिहीन’ अशी सही घेतली तर माणसं जास्त खरं बोलतात, असं सांगणारा एक गाजलेला शोधनिबंध 2012 मध्ये आला होता. जगभर त्याचे दाखले दिले गेले. 2021 मध्ये तो मागं घेतला गेला, कारण त्यातली आकडेवारीच बनावट असल्याचं निघालं. प्रामाणिकपणावरचा निबंध! तेव्हा सहीच्या जादूवर फार भिस्त नको. आपल्या मुलांनी शाळेपासून इतक्या प्रतिज्ञा म्हटल्यात की आणखी एक त्यांना पेलवते, लागत नाही.

त्याऐवजी प्रत्येक उत्तराच्या खाली दोन ओळींची मदत-नोंद लिहायला सांगा. म्हणजे अशी : ‘व्याख्या गाईडातून. टक्केवारी कशी काढायची ते रूमवरच्या मित्राला विचारलं. चॅटजीपीटीकडून मराठी नीट करून घेतलं. उदाहरण माझं.’ आणि ही नोंद केली म्हणून एकही मार्क जाणार नाही, हे आधी सांगा आणि पाळा. हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे. मुलांच्या डोक्यात खरोखर गोंधळ असतो. शाळेत दहा वर्षं गाईडातलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं की शाबासकी मिळाली. आता नेटवरचं जसंच्या तसं उतरवलं की चोरी. मित्राकडून समजून घेणं चालतं का? भाषांतर करून घेणं चालतं का? चॅटजीपीटीला ‘हे सोपं करून सांग’ म्हणणं चालतं का? कोणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही सांगा : विचारणं, समजून घेणं, भाषा तपासून घेणं चालतं, नोंद करायची, तयार उत्तर चिकटवणं चालत नाही. पहिल्या दोन-तीन वेळा नोंदी पोकळ येतील, ‘सर्व माझे स्वतःचे’. एखादी खरी नोंद आली की नाव न घेता ती वर्गात वाचून दाखवा.

आणि हे तुमच्यापासून सुरू करा. ज्या पीडीएफ नोट्स तुम्ही ग्रुपवर टाकता, त्यांच्या खाली त्या कुठून घेतल्या ते लिहिलेलं असतं का? आकृती कोणाची, आकडे कुठले? बहुतेकांच्या नोट्सवर नसतं. पुढच्या पीडीएफखाली तीन ओळी लिहा. वर्गाचं रेकॉर्डिंग चालू करण्याआधी सांगा, ते कोण बघणार तेही सांगा. अमुक तारखेला मार्क देते म्हटलं की त्या तारखेला द्या, जमलं नाही तर आदल्या दिवशी कळवा.

गूगल फॉर्मच्या दोन गोष्टी जाता जाता. फॉर्म पाठवल्याबरोबर मार्क आणि बरोबर उत्तरं दाखवायची सोय चालू असेल तर ती बंद करून ‘तपासणीनंतर’ ठेवा. नाही तर पहिला सुटलेला पोरगा ग्रुपवर उत्तरपत्रिका टाकतो आणि तुम्ही चाचणी नव्हे, शर्यत घेतलेली असते. आणि फॉर्ममधला लॉक करायचा प्रकार क्रोमबुकवर, म्हणजे गूगलची प्रणाली असलेल्या लॅपटॉपवरच चालतो, आपली मुलं मोबाइलवर असतात, त्यामुळं त्याच्या नादाला लागू नका.

एआयनं लिहिलंय का ते ओळखणाऱ्या साधनांच्याही नादाला लागू नका. चॅटजीपीटी ज्यांनी बनवलं त्या ओपनएआयनंच जानेवारी 2023 मध्ये असं साधन काढलं होतं. त्यांच्याच सांगण्याप्रमाणं ते एआयचा मजकूर 26 टक्के वेळाच ओळखायचं आणि माणसानं लिहिलेल्यातलं 9 टक्के एआयच्या खात्यावर टाकायचं. जुलै 2023 मध्ये त्यांनी ते गुंडाळलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली, तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी 61 टक्के निबंध त्यांनी एआयचे ठरवले. साधं, मोजक्या शब्दांतलं इंग्रजी ही त्या लिहिणाऱ्यांची चूक. आपली मुलं इंग्रजी लिहितात ते नेमकं असंच. आणि मराठीसाठी तर या साधनांवर एका पोराचं वर्ष टांगणं म्हणजे काहीच्या काहीच.

प्रॉक्टरिंगच्या सॉफ्टवेअरला माझा विरोध आहे, आणि तो फक्त पैशांसाठी नाही. हे सॉफ्टवेअर नजर हलली, मागं कोणी दिसलं, आवाज आला की लाल खूण करतं. मागून आजी गेली, शेजारी मिक्सर लागला, पोरगा आठवण्यासाठी वर बघत बसला, सगळ्याला खूण. त्या खुणा तपासत बसणार कोण? तुम्हीच. अमेरिकेत एका विद्यापीठानं परीक्षेआधी विद्यार्थ्याला कॅमेरा फिरवून खोली दाखवायला लावली, तर 2022 मध्ये तिथल्या न्यायालयानं ती बेकायदा झडती ठरवली. आपल्याकडं कायदा वेगळा आहे, पण खोली तीच आहे : झोपायची, स्वयंपाकाची आणि अभ्यासाचीही. ज्यांनी कधी ढापलं नाही त्या 45 जणांच्या घरात कॅमेरा फिरवून तुम्ही त्यांना काय सांगणार? शिवाय दुसरा मोबाइल मांडीवर ठेवला की सॉफ्टवेअर आंधळं. ज्याला करायचंय तो करतोच, बाकीचे घाम पुसत बसतात.

ज्या परीक्षेवर पदवी अवलंबून आहे ती विद्यापीठाच्या नियमानं, केंद्रावर, पर्यवेक्षकांसमोर होऊ द्या. तिथं कडक असावंच. अंतर्गत चाचणी पुस्तक उघडं ठेवूनच घ्या. शिफ्ट असलेल्या मुलांसाठी दोन वेळा ठेवायच्या असतील तर तेच सोयीचं. सहाच्या बॅचनं नऊच्या बॅचला प्रश्न सांगितला तरी आपापलं घर काही सांगता येत नाही.

मुदतीचंही जरा सैल करा. सत्रात प्रत्येकाला एकदा, कारण न विचारता, दोन दिवसांची मुदतवाढ. नुसता मेसेज करायचा, ‘मॅडम, माझी मुदत वापरतोय.’ ऐन रात्री कॉपी करणाऱ्यांतले बरेच जण आळशी नसतात, दुसरी शिफ्ट करून अकराला घरी येऊन घड्याळाकडं बघणारे असतात. पावसाळ्यात तर मुदतवाढीचा हिशेबच ठेवू नका. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांच्या धोका पातळीकडं निघालं की शिरोळ-करवीरमधल्या निम्म्या पोरांना लाइट नसते. त्यांच्याकडं पुराचा फोटो मागणारे शिक्षक असतात. तुम्ही मागू नका. एखादा कोरड्या गल्लीतला पोरगा तुम्हाला गंडवेल; गंडवू दे. त्याच्यासाठी पाण्यातल्या दहा जणांकडं पुरावा मागणं महाग पडतं.

वर्गाचं मौन लगेच सुटेल असं समजू नका. ग्रुपवर ‘सगळे चोर’ लिहिलंत, तर मागं घ्यायचंही ग्रुपवरच, त्याच ठिकाणी, दोन ओळींत, दिवसाढवळ्या. ‘समजलं असेल तर सोडून देऊ’ असला सूर नको. मग पुढचे काही तास ‘कोणी सांगेल का?’ असा हवेतला प्रश्न टाकू नका, त्याला कोणीच उत्तर देत नसतं. चौघांचे गट करा, त्यांना पाच मिनिटं द्या, गटातर्फे एकानं चॅटमध्ये एक ओळ लिहायची. बोलायला नंतर लागतील. इंटरनॅशनल सेंटर फॉर अॅकॅडमिक इंटेग्रिटी या संस्थेनं 1999 मध्ये शैक्षणिक सचोटीची पाच मूल्यं मांडली होती : प्रामाणिकपणा, विश्वास, न्याय, आदर, जबाबदारी. 2014 मध्ये त्यांनी सहावं घातलं, धैर्य. तुमच्या वर्गात त्या रात्रीनंतर ते एकीनंच दाखवलंय.

प्राचार्यांचं काय करायचं ते शेवटी. तोंडी वाद घालू नका, त्यात तासिकेवाल्याची हार ठरलेली असते. एक पानाचं पत्र द्या. त्यात सॉफ्टवेअरला विरोध असा शब्दच नको. लिहा की या सत्रात दोन चाचण्या मी नव्या पद्धतीनं घेऊन बघते : प्रश्न स्थानिक, मदत-नोंद, आठ जणांची तोंडी, सत्राअखेरीस काय झालं ते विभागाला दाखवते, त्यानंतर सॉफ्टवेअरचा विचार करू. तोंडीचे तास वर्कलोडमध्ये धरावेत हेही त्यातच लिहा, संकोच करू नका. तुमच्या विभागात कायम नोकरीतले कोणी बरे असतील तर त्यांची सही शेजारी घ्या. आणि पत्र आवक-जावकला नोंदवून, शिक्का मारलेली प्रत स्वतःच्या फायलीला लावून ठेवा.